बघून घे

सुरतेत रिंगरोडवरच्या एका साड्यांच्या गोदामात मी 22 वर्षं हिशेब आणि माणसं सांभाळतोय. लिंबायत, डिंडोलीत आमच्या खानदेशातली इतकी घरं आहेत की कामाला पोरगा हवा असला की जाहिरात लागत नाही. "भाऊ, आपलाच आहे," असं कुणीतरी म्हणतं आणि तो दुसऱ्या दिवशी हजर होतो. मीही नंदुरबारहून असाच आलो होतो, कुणाच्या तरी शब्दावर.

तशाच आमच्या गल्लीतल्या एक ताई मुलाला घेऊन आल्या. वय 21, दहावी पास. ऑटिझम आहे, हे त्यांनी आधीच सांगितलं. मी त्याला नाव विचारलं, तर त्यानं माझाच प्रश्न मला परत ऐकवला. नजर शटरच्या पट्ट्यांवर. दोन मिनिटांत माझं ठरलं. "इथं त्याला सांभाळायला वेगळा माणूस लागेल, ताई." खरं कारण ते नव्हतं. मला त्याच्याशी बोलायची भीती वाटली आणि ती मी त्याची काळजी म्हणून खपवली.

मराठीत आपण स्वमग्न म्हणतो. त्या शब्दानं माझी सोयच केली. तो आपल्यातच दंग असतो, त्याला नोकरी, पगार, चारचौघांत बसणं कशाला हवं, असं मी धरून चाललो.

दिवाळीच्या तोंडावर हात कमी पडले, ताई पुन्हा आल्या, तेव्हा मी त्याला ठेवून घेतलं. दया नव्हती, गरज होती. अशा मुलांची स्मरणशक्ती अफाट असते, असं कुठंतरी ऐकलेलं. म्हणून पहिले तीन दिवस मी त्याला डिझाइन नंबर विचारत राहिलो. त्याला ते आठवत नव्हते, आणि मी चक्क नाराज झालो. बाकीच्या कुठल्या पोराकडून मी कामावर ठेवायच्या बदल्यात चमत्कार मागितला होता?

चौथ्या दिवशी मिलमधून माल उतरला. घाईत मी त्याला म्हणालो, "पलीकडची गाठोडी बघून घे." अर्ध्या तासानं पाहतो, तर तो गाठोड्यांसमोर उभा. मी सगळ्यांसमोर ओरडलो. त्यानं दोन्ही कान दाबले आणि पुढेमागे झुलायला लागला. साड्यांच्या घड्या घालणाऱ्या मावशी मान वर न करताच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बघायला सांगितलं. तो बघतोय."

मी तिथंच थांबलो. मला काय हवं होतं? गाठोडी मोजायची, चलानाशी नंबर ताडायचे, फाटकं असेल ते बाजूला काढायचं. यातला एक शब्द मी बोललो नव्हतो. त्या दिवशी मी स्वतःचं बोलणं ऐकत राहिलो. "जरा आवरून टाक." "ते तेवढं करून घे." बाकीची पोरं माझ्या कपाळावरच्या आठ्या पाहून अर्थ लावतात. ज्याचा अंदाज चुकतो, त्याचं पार्सल परत येतं आणि बोलणी त्यालाच बसतात. इतकी वर्षं बसत आलीत. घडी घालता येते का, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. माझ्या मनातलं ओळखता येतं का, एवढंच पाहत होतो. त्यात तो नापास झाला.

दुसऱ्या दिवशी कागदावर लिहून दिलं: घडी, वर फोटो, पिशवी, एका बॉक्सात सहा. पट्टी मारायच्या मशीनपासून त्याची जागा लांब केली, डोक्यावरची फडफडणारी ट्यूब बदलली. खर्च झाला तो एका ट्यूबचा. आज तो सगळ्यांत चपळ नाही आणि सगळ्यांत मंदही नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के राखीव जागांत त्याचाही वाटा आहे, हे मला पुढं ताईंकडून कळलं. बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार अशा इतरांबरोबर मिळून 1 टक्का. तो हवाच. पण आमच्या बाजारात ना पद निघतं, ना अर्ज. शटरपाशी उभा असलेला माणूस काय ते ठरवतो, आणि तिथं मी उभा होतो.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. बाकीच्यांना मी नगावर पैसे देतो. त्याला पाच महिने ठरावीक रक्कम दिली, तीही कमी, ताईंच्या हातात, मदत दिल्यासारखी. होळीच्या आठवड्यात त्यानं आपली वही माझ्यापुढं ठेवली. रोजची तारीख, रोजचे नग.

"काका, दादाला नगावर पैसे. मला का नाही?"

आवाजात राग नव्हता. त्याला उत्तर हवं होतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं एकही नव्हतं.

"बघतो," मी म्हणालो.

"कधी?"

"शनिवारी, 12 वाजता. मागचा सगळा फरक मोजून."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं.