मुलाला शाळेत फिट येते तेव्हा

एखाद्या मुलाला फिट आली की आपल्याकडे आधी चप्पल शोधली जाते. चप्पल हाताशी नसेल तर कांदा, नाहीतर मुठीत किल्ल्यांचा जुडगा. चौघे हातपाय दाबून धरतात, पाचवा दातखीळ सोडवायला चमचा घालतो, सहावा तोंडावर पाणी मारतो. तेवढ्यात झटके थांबतात आणि ज्याने चप्पल आणली त्याचे नाव होते. खरे पाहता बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. चप्पल शोधून आणायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो!

माता-भगिनींनो, मी डॉक्टर नाही. बी. कॉम. झालेली, कचेरीत आवक-जावक सांभाळणारी कारकून आहे. रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांची अभ्यासिका चालवते, त्यामुळे कोणाचे पोर आजारी, कोणाची शाळा सुटली हे मला आपसूक कळते. इथे लिहिते आहे ते रुग्णालयातील डॉक्टरांना खोदून खोदून विचारलेले आणि नंतर डोळ्यांनी पाहिलेले आहे.

२०१९ सालच्या पावसाळ्यात वस्तीतला पाचवीतला एक मुलगा शाळेत प्रार्थनेच्या रांगेतच कोसळला. वडील नाका कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. कोणीतरी त्याच्या दातांत स्टीलची पट्टी घातली. पुढचा दात अर्धा तुटला, ओठ फाटला. म्हणजे पोराला जखम झाली ती फिटमुळे नव्हे, मदतीमुळे! त्यात चड्डी ओली झाली आणि अख्खी शाळा गोल करून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी आईला बोलावून सांगण्यात आले, "बरा होईपर्यंत घरीच ठेवा, आमच्याकडे जबाबदारी नको." तिने दप्तर घरी आणले. मला म्हणाली, "ताई, आता याला माझ्याबरोबर कामावरच नेते. निदान डोळ्यांसमोर तरी राहील."

आजाराला औषध असते. पण आपल्या घरातले पोर एकदा शाळेतून घरी बसले की त्याला परत बाकावर बसवणे किती कठीण, हे वस्तीत काम करणाऱ्याला विचारा.

दोघी मिळून मुलाला महापालिकेच्या रुग्णालयात नेले. मेंदूचा आलेख काढला, गोळ्या सुरू झाल्या. अपस्मार म्हणजे मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा क्षणभर झालेला गोंधळ, एवढे सोपे करून डॉक्टरीणबाईंनी आईला सांगितले. योग्य औषधाने दहापैकी सातजणांच्या फिट थांबू शकतात. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. शाळेत जायलाही हरकत नाही. ते मी त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतले. कारकुनाला कागदाची किंमत कळते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. चिठ्ठीला अर्ज जोडला, त्यात हे कलम लिहिले आणि शाळेकडून पोच घेतली. आठवड्यात मुलगा वर्गात बसला. पुढे त्याच शाळेतल्या दोन शिक्षिकांनी, फिट आली तर काय करायचे ते समजून घ्यायला मला बोलावले, हेही सांगितले पाहिजे.

करायचे ते फार थोडे आहे, आणि म्हणूनच लोकांना पटत नाही. आधी घड्याळ बघा. आजूबाजूचे बाक, दगड, कंपास दूर करा. डोक्याखाली दप्तर नको, ते टणक असते. स्वेटर, ओढणी, नाहीतर आपला हात द्या. गळ्यातला टाय, ओळखपत्राची पट्टी, वरचे बटण सैल करा, चष्मा काढा. जमेल तितक्या लवकर मुलाला एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडते, श्वासात अडकत नाही. झटके दाबून थांबत नाहीत, उलट दाबल्याने हाडाला इजा होते. तोंडात काहीही घालायचे नाही. जीभ गिळली जाते ही भीती खोटी आहे. जीभ चावली जाते, पण ती जखम भरून येते. तुटलेला दात परत येत नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी, साखर, गोळी यातले काहीच तोंडात घालू नका. बाकीच्या मुलांना वर्गात पाठवा आणि अंगावर चादर घाला. फिट थांबल्यावर मूल गोंधळलेले असते, झोपेला येते. त्याला झोपू द्यावे, पण एका माणसाने जवळ बसावे.

पाच मिनिटे उलटून गेली, शुद्धीवर न येता दुसरी फिट आली, झटके थांबूनही श्वास नीट चालेना, डोक्याला मार लागला, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर वाट न बघता रुग्णालय. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, तिला पैसे पडत नाहीत.

एक प्रकार मात्र कोणाच्याच ध्यानात येत नाही. मूल पडत नाही, झटके नाहीत. लिहिता लिहिता काही सेकंद एकटक बघत राहते, हाक ऐकत नाही, आणि पुन्हा लिहू लागते. दिवसातून अनेकदा. बाई म्हणतात, "लक्ष कुठे आहे तुझे?" घरी आई धपाटा घालते. हीसुद्धा फिटच असते आणि तिच्यावरही औषध आहे. अभ्यासात एकाएकी मागे पडलेल्या मुलाला 'ढ' म्हणण्याआधी हे तपासून घ्यावे.

फिट आलेल्या मुलाला भगताकडे, बाबाकडे नेणारी घरे आजही आहेत, आणि खेदाने लिहावे लागते की आपल्यातही आहेत. १९५६ साली आपल्या वाडवडिलांनी देवदेवस्की सोडली, आणि त्यांची नातवंडे 'बाहेरचे काहीतरी' बघायला लिंबू घेऊन निघतात! भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चप्पल बुडवलेले पाणी पाजणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याहून वाईट म्हणजे या फेऱ्यांत गोळ्या बंद पडतात. गोळ्या एकदम बंद केल्या की फिट अधिक जोराने येऊ शकते. साधारण दोन वर्षे फिट आली नाही की औषध कमी करायचे का, याचा विचार डॉक्टर करतात. तो निर्णय त्यांचा; सासूबाईंचा किंवा शेजारणीचा नाही.

मुलगी असली की आजार लपवला जातो. "ताई, शाळेत सांगू नका, उद्या हिचे लग्न कसे जमेल?" असे मला एका आईने हात धरून विचारले होते. त्या माउलीची भीती समजते. पूर्वी विवाहाच्या कायद्यातच अपस्मार हा आडकाठी म्हणून लिहिलेला होता. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून काढून टाकले. कायदा बदलला, सोयरिकी जुळवणारे बदलायचे आहेत. पण शाळेपासून लपवले तर त्या पाच मिनिटांत मुलीजवळ असलेल्या माणसाला काहीच ठाऊक नसते आणि पट्टी पुन्हा दातांत जाते.

अभ्यासिकेत येणाऱ्या अशा मुलांसाठी आम्ही एक साधी चिठ्ठी करतो. मुलाचे नाव, फिट कशी येते, साधारण किती वेळ टिकते, गोळीचे नाव आणि वेळ, रुग्णालयाचा केसपेपर क्रमांक, आईचा आणि शेजाऱ्याचा फोन. एक प्रत वर्गशिक्षकांकडे, एक कार्यालयात, एक मुलाच्या कंपासपेटीत. दर जूनमध्ये वर्ग बदलला की नवीन लिहायची, कारण शिक्षक बदलतात आणि वजन वाढले की गोळीचे प्रमाणही बदलते. लिहिता येत नसेल तर रविवारी सकाळी विहारात केसपेपर घेऊन या, आम्ही लिहून देतो.