पुढे कोणी व्हावे?

शाळेच्या सेवापथकाचा नायक निवडण्याचा दिवस जवळ आला, म्हणजे वर्गावर्गांतून निराळीच लगबग दिसू लागते. काही मुले आपले नाव देण्यास उतावीळ झालेली असतात. काहींना मित्रांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलेले असते. आणि दोघेचौघे असे असतात, की ज्यांना उभे राहावे असेही वाटते आणि राहू नये असेही वाटते. हा तिसरा वर्ग इतरांना दुबळ्या मनाचा भासतो. परंतु खरा प्रश्न पडलेला असतो तो त्यांनाच. पद हवेसे वाटणे सोपे आहे. ते आपण का घ्यावे आणि का घेऊ नये, हे स्वतःला विचारणे मात्र कठीण.

परभणी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातली सातवीची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. दोन वर्षे ती सेवापथकात आहे. अंगण झाडावे, रोपांना पाणी घालावे, लहान मुलांना रस्ता ओलांडून द्यावा, ही कामे ती न सांगता करते. बाई तिला म्हणतात, “या वर्षी तू नाव दे.” आणि त्या दिवसापासून तिच्या मनात वादविवाद सुरू होतो. आपल्याला चारचौघांत बोलता येत नाही. जिवलग मैत्रीणही उभी राहणार आहे. दिवाळीच्या सुमारास घरच्यांबरोबर कापूस वेचायला जावे लागते. मग पथकासाठी वेळ कोठून आणावा? शिवाय हरलो तर मुले हसतील. या साऱ्या विचारांच्या शेवटी एक विचार येतो आणि तो तिला फार पटतो : “सेवा करायला पद कशाला हवे? पदावाचूनही ती करता येतेच की!”

हे म्हणणे खोटे नाही. याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंनी संत नामदेवांच्या घरी दळणकांडण केले. त्यांच्याजवळ ना अधिकार होता, ना मान. तरीही महाराष्ट्र त्यांना विसरला नाही. गाडगेबाबा गावात शिरले, की प्रथम खराटा हाती घेत. खराटा उचलण्यासाठी त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही, की कोणत्या पदाची वाट पाहिली नाही.

पण गाडगेबाबांचे जीवन येथेच संपत नाही. ते एकटे झाडत राहिले असते, तर एकेक गल्ली स्वच्छ झाली असती, एवढेच. त्यांनी गावकऱ्यांच्या हाती खराटे दिले, लोकांकडून पैसा उभा केला आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधवल्या. आपल्या हातांनी काम करणे ही एक सेवा. अनेकांचे हात एका कामाला लावणे ही दुसरी. दुसरी पहिलीहून थोर आहे असे नाही, परंतु तिच्यावाचून पुष्कळ कामे अडून राहतात.

शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी जिल्ह्यातून जाते. समजा, वारकऱ्यांना पाणी द्यावयाचे पथकाने ठरवले. सकाळी तीस मुले उत्साहाने जमली. पण घागरी कोणी आणावयाच्या, पाणी कोठून भरावयाचे, पेले कोणी विसळावयाचे, हे कोणीच ठरवले नव्हते. मग सारी मुले रस्त्यावर उभी आणि तहानलेली दिंडी पुढे निघून गेलेली, असा प्रकार होतो. तेथे सेवाभाव कमी पडला काय? नाही, आदल्या दिवशी बसून कामे वाटून देणारा कोणी नव्हता.

ही गोष्ट जाणत्या लोकांनी केव्हाच ओळखली आहे. 1907 मध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर बेडन पॉवेल यांनी मुलांचे जे शिबिर भरवले, त्यात मुलांच्या चार लहान तुकड्या केल्या होत्या आणि प्रत्येकीचा नायक मुलांतूनच नेमला होता. त्यातूनच पुढे बालवीर चळवळ वाढली. आपल्या देशात 24 सप्टेंबर 1969 रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिची सात दिवसांची शिबिरे खेड्यांत भरतात, तेव्हा तेथेही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे गट पाडून कामे वाटून दिली जातात.

आणि पुढे होण्याची किंमत किती असू शकते, हे मराठवाड्याइतके कोणास ठाऊक असणार? 1938 मध्ये हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही; त्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांना पुढे नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थ यांनी सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला. या मंडळींना पुढे होण्याबद्दल हार मिळणार नव्हते, शिक्षा मिळणार होती. तरी ती मागे राहिली नाहीत.

शाळेतल्या निवडणुकीत एवढे भय नाही. तेव्हा त्या मुलीने आपल्या होकाराची जशी परीक्षा घ्यावी, तशीच नकाराचीही घ्यावी. फलकावर नाव झळकावे, शिक्षकांच्या जवळ बसता यावे, एवढ्यासाठीच होकार असेल, तर तो न दिलेला बरा. परंतु “मला पद नको” या शब्दांमागे विनय आहे, की हरण्याची भीती आहे, हेही तिने पाहावे. भीती पुष्कळदा विनयाचे वस्त्र पांघरून येते. बोलता येत नाही म्हणून अडत नाही. नायकाला भाषणे थोडी आणि विचारपूस फार करावी लागते. मैत्रिणीला आपला विचार आधीच मोकळेपणाने सांगावा, म्हणजे मने दुरावत नाहीत. कापसाच्या वेचणीची अडचण मात्र खरी आहे. तिच्याविषयी घरी बोलावे, आणि वेळ निघणारच नसेल, तर बाईंना तसे स्पष्ट सांगावे. असा नकार कमीपणाचा नव्हे.

नायक कोणीतरी एकच होणार. परंतु जी मुलगी निवडून आली, तिने दुसऱ्या दिवशी खराटा खाली ठेवू नये. आणि जी हरली, तिने तो रागाने टाकू नये. शाळेचे अंगण मते मोजून झाल्यावरही झाडावयाचे असतेच.