धर्मशिक्षणाचा तास

वसईचा कॅथलिक माणूस घरात मराठी बोलतो, भांडतो मराठीत आणि देवाला साकडंही मराठीतच घालतो, हे वसईत कुणाला सांगावं लागत नाही. बँकेनं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बदली केल्यापासून मी मात्र ते आठवड्यातून दोनदा तरी सांगतो. ‘‘नाव साहेबाचं अन् बोलता मराठी, हे कसं काय जी?’’ अशी काउंटरपलीकडून विचारणा होते. मग मी चारशे वर्षं मागे जातो. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनं नवख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. लोकांना पुराणाची गोडी होती, म्हणून गड्यानं पुराणच दिलं! गिऱ्हाईक कापसाचा चेक वटवायला आलेलं असतं. ते मान डोलावतं आणि म्हणतं, ‘‘ते बराबर हाय, पण नोटा शंभराच्या द्या.’’ २०१९ साली साहित्य संमेलन यवतमाळला झालं आणि पुढच्याच वर्षी उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष आमचे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले. तेव्हापासून माझं काम थोडं हलकं झालंय, इतकंच.

आमच्या शाळेत आठवड्यातून काही तास वर्गाची फाळणी व्हायची. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला, बाकीची नीतिशिक्षणाला. आम्हाला नीतीची गरज नाही आणि त्यांना धर्माची, असा हिशेब असावा. धर्मशिक्षणात प्रश्न पाठ, उत्तरही पाठ. मधे विचार करायला जागा नाही. पुढे कॉमर्सला गेल्यावर डेबिट-क्रेडिटचे नियम मी असे काही घडाघडा म्हटले, की प्राध्यापकांना मी हुशार वाटलो.

पोप दहावे पायस यांनी १९१० साली ठरवलं, की साधारण सातव्या वर्षी मुलाला समज येते, तेव्हा पहिला कम्युनियन त्या सुमारास द्यावा. त्याआधी पापनिवेदन आलंच. आता सात वर्षांच्या मुलाची पापं ती कितीशी असणार? पोस्टातल्या बचत खात्यासारखी. रक्कम किरकोळ, नोंद मात्र नियमित. शिवाय ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना. माळेत एकोणसाठ मणी. संध्याकाळी सगळं घर गुडघ्यांवर. पोरं डुलक्या घ्यायची, पण बोटं पुढे सरकत राहायची. बँकेत नोटा मोजायचं यंत्र बंद पडलं, की आजही मलाच हाक मारतात, ती उगीच नव्हे.

माझ्या आईच्या लहानपणी तर मिस्सा लॅटिनमध्ये असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) ती मराठीत आली. आई म्हणते, ‘‘आधी मला कळत नव्हतं, आता कळतं. देवाला दोन्ही वेळा कळत होतं.’’

आमची धाकटी यंदा आठ वर्षांची झाली आणि खरा प्रश्न उभा राहिला. वसईत मूल भाविक होतं त्यात आईबापांचं कर्तृत्व फारसं नसतं. शाळेतल्या सिस्टर, गल्लीतल्या मावश्या, संध्याकाळी सातची चर्चची घंटा, सगळा गावच शिकवत असतो. इथे ना सिस्टर, ना मावश्या. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला आणि आमचा जिल्हाही त्यातच येतो. पण धर्मप्रांत मोठा आणि फादर थोडे. आमच्या गावी ते महिन्यातून एकदा येतात. उरलेले एकोणतीस दिवस मुलीचा धर्म एका बी.कॉम.च्या हाती!

मी वही काढून प्रश्नोत्तरं घालायला बसलो. तिनं वहीबाहेरचा प्रश्न विचारला, ‘‘पप्पा, इथे चर्चच नाही, मग देवाला आपण कुठे आहोत ते कसं कळणार?’’

‘‘कोअर बँकिंग,’’ मी म्हटलं. ‘‘खातं वसईचं असलं तरी व्यवहार कुठल्याही शाखेतून होतो.’’

तिला ते पटलं, आणि जरा जास्तच पटलं. घराशेजारी देऊळ आहे. तिथे आरतीची घंटा आणि नगारा विजेवर वाजतात, बरोबर सात वाजता. काही दिवसांनी पाहतो तर घंटा वाजली की पोरगी माळ घेऊन कोपऱ्यात गुडघ्यांवर! बायको घाबरली. ‘‘फादरना विचारा. हे असं चालतं का?’’ मला रात्रभर झोप नाही. मी पाठ केलेली सगळी उत्तरं आठवून पाहिली. त्यात घंटा कुणाची असावी, याबद्दल एक अक्षर नव्हतं. शेवटी फादरना विचारलंच. ते हसले आणि म्हणाले, ‘‘घंटा कुणीही वाजवू दे, प्रार्थना वेळेवर होतेय ना?’’ त्या दिवसापासून कोपऱ्यात तीन जणांचे गुडघे टेकू लागले.

परवा सातला वीज गेली. नगारा गप्प, घंटा गप्प. पोरगी माळ हातात धरून वाट बघत बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तेवढ्यात भिंतीपलीकडून घरमालकीणकाकूंचा आवाज आला, ‘‘लाइन गेली वं बाई! तू कर सुरू!’’