दोन होड्या आणि एक नदी

भिन्न वस्तूंमधून एकीची निवड करणे फारसे कठीण नसते. बैल हवा की घोडा, हे गरजच सांगून टाकते. परंतु दोन वस्तू रूपाने, आकाराने आणि किमतीनेही जवळजवळ सारख्या असल्या, की माणसाच्या विवेकाची खरी परीक्षा सुरू होते. शासकीय सेवेतील बत्तीस वर्षांत खरेदी समितीवर बसण्याचे प्रसंग मला अनेकदा आले. निविदा उघडायच्या, तुलनात्मक तक्ता करायचा आणि न्यूनतम दराखाली लाल शाईने रेघ ओढायची, हा शिरस्ता. निवृत्तीबरोबर तक्त्यांतून सुटका झाली असे वाटले होते. पण गेल्या वर्षी घरातल्याच एका खरेदीने मला पुन्हा तक्ता मांडायला लावला.

आमचे जुने घर पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी. पुतण्या पुण्यास नोकरीला. चतुर्थीला आणि दिवाळीला सहकुटुंब येतो. नदी दारात असून आपल्या घरी साधी होडीही नाही, याचे त्याला फार वाईट वाटे. अखेर त्याने पैसे साठवले, फायबरग्लासच्या दोन बोटी पाहून ठेवल्या आणि निवडीचे काम माझ्यावर सोपवले. दोन्ही सोळा फुटी, दोन्ही पांढऱ्या, कडेला निळा पट्टा. दोन्हींना चाळीस अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन. किमतीत फरक अवघा अकरा हजारांचा. ''काका, दोन्ही सारख्याच आहेत. तुम्ही एकीवर बोट ठेवा, म्हणजे झाले,'' असे तो फोनवर म्हणाला.

बोट ठेवणे सोपे नव्हते, कारण त्या बोटीत माझी आई बसणार होती. तिचे वय शहाऐंशी. माहेर डिचोली तालुक्यातील साळ, गड्यांच्या उत्सवाचे गाव. हीच नदी साळहून खाली येते आणि पेडणे व बार्देश यांच्या मधून वाहत समुद्राला मिळते. लग्नानंतर आई याच नदीतून होडीने सासरी आली. ''एकदा तरी पाण्यावरून वर जाऊन यायचे आहे, जाता येईल तिथपर्यंत,'' असे ती अलीकडे वारंवार म्हणू लागली होती. गुडघे दुखतात, डोळ्यांना कमी दिसते. पण इच्छा मात्र शाबूत. त्यामुळे हा प्रश्न हौसेपुरता राहिला नव्हता.

फायबरग्लासची बोट बाहेरून पाहून फारसे काही कळत नाही, हे मला चौकशीअंती उमगले. अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलेडो येथे रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ यांची पहिली बोट बांधली, असे मानले जाते. तेव्हापासून पद्धत तत्त्वतः तीच आहे. साच्याच्या आतल्या अंगाला आधी रंगीत जेलकोटचा लेप देतात. त्यावर काचतंतूंचे थर राळेत भिजवून बसवतात. म्हणजे जे चकचकीत दिसते, ते सर्वांत आधी घडते आणि बोटीची खरी ताकद त्याच्या मागे दडलेली असते. लाकडी होडीची फळी, शिवण, भेग उघड्या डोळ्यांना दिसते. इथे चांगले काम आणि हलके काम एकाच कांतीने चमकते.

दुसरा भेद तळाचा. पुतण्याने पाहिलेल्या एका बोटीचा तळ खोल, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा होता. दुसरीचा बराच सपाट. या दोन्ही परंपरांशी रेमंड हंट या एकाच रचनाकाराचे नाव जोडलेले आहे, याची मला गंमत वाटली. १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत त्यांच्या खोल तळाच्या बोटीने उसळत्या समुद्रात बाजी मारली आणि तो आकार जगभर पसरला. त्याच हंट यांनी १९५८ च्या 'बोस्टन व्हेलर' या तेरा फुटी बोटीला मात्र रुंद, स्थिर तळ दिला. तिच्या कवचात फेस भरलेला असल्यामुळे ती करवतीने मधोमध कापली तरी तरंगत राही, आणि कंपनीने १९६१ मध्ये तशी ती कापूनच दाखवली. तात्पर्य, ज्याने दोन्ही तळ आखले त्याने एकाला श्रेष्ठ आणि दुसऱ्याला कनिष्ठ ठरवले नाही. दोन्हींची कामे वेगळी ठेवली.

मग आपले काम कोणते? हे विचारायला मी पलीकडच्या काठावरील एका वृद्ध ताऱ्याकडे गेलो. पूल होण्यापूर्वी त्यांची तर चालत असे. आम्ही शाळकरी मुले त्यांच्याच होडीतून ये-जा करीत असू. मी दोन्ही बोटींची छायाचित्रे त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती पाहिलीही नाहीत. ''भाऊ, होडी मागाहून सांगा. आधी पाणी सांगा,'' ते म्हणाले. ''खालच्या अंगाला मुखाशी वाळूची दांडी असते. ती पावसाळ्यागणिक जागा बदलते. वरच्या अंगाला ओहोटीत गुडघाभर पाणी आणि खाली खडक. तुम्हांला कुठे जायचे आहे?'' मी म्हटले, ''वर. आईला घेऊन.'' त्यावर ते एवढेच म्हणाले, ''मग लाटेचा विचार सोडा. चढण्या-उतरण्याचा करा.''

त्यानंतर मी दोन्ही कारखान्यांत गेलो. बोटी धक्क्याला बांधून मागितल्या आणि पन्नास किलो तांदळाचे पोते प्रत्येकीच्या काठावर ठेवायला लावले. खोल तळाच्या बोटीची कड सुमारे वीतभर खाली गेली. सपाट तळाचीची चार बोटे. लाटेवर पहिलीच अधिक सुखाची, यात शंका नाही; तिचा तळ पाणी कापत जातो, तर सपाट तळ लाटेवर आपटतो. पण उभ्या बोटीत पाऊल टाकणाऱ्या वृद्धेला त्या वीतभर झुकण्याचीच भीती. शिवाय दुसरीला पाणीही कमी लागत होते.

घडणावळीत मात्र पहिली किंचित सरस होती. कप्प्यांची झाकणे उघडून, जिथे रंग दिलेला नसतो तिथे मी विजेरीने पाहिले. राळ नीट न मुरलेले तंतू पांढरट, कोरडे दिसतात. तसे डाग दोन्हींत नव्हते. नाण्याने कवच ठोकत गेलो. थर सुटले असतील तिथे आवाज बद्द येतो. तोही कुठे आला नाही. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगतात, तिच्या पोटात बहुधा प्लायवुड असते आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरले की ते आतल्या आत कुजते. पहिलीची भोके व्यवस्थित बुजवलेली होती. दुसरीची दोन उघडी होती. ती माझ्यासमोर बुजवून घेतली.

शेवटची कसोटी बोट पाण्याने भरून पाहण्याची. पहिल्या कारखानदाराने नम्रपणे नकार दिला. नव्या मालाला तसे करत नाहीत, म्हणाला. दुसऱ्याने हसत होकार दिला. बोट काठोकाठ भरली, तरी बुडाली नाही. परंतु इंजिनाच्या भाराने मागची बाजू खचली आणि नाळ वर उचलली गेली. अशा बोटीला धरून राहणे लहान मुलांना जमणार नाही. कारखानदाराने ते मान्य केले आणि बारा हजार रुपये अधिक घेऊन मागच्या बाजूला बंदिस्त फेसाचे दोन ठोकळे बसवून दिले. पुन्हा भरून पाहिली, तेव्हा ती सपाट तरंगली. किमतीचा फरक त्यात फिटला. न्यूनतम दराची लाल रेघ मारायला जागाच उरली नाही.

पुतण्याची एक शंका होती. ''काका, उद्या मोरजीहून तेरेखोलला समुद्रातून जावेसे वाटले तर?'' मी म्हटले, ''तर केरीच्या फेरीने जाऊ. एकच बोट नदी आणि समुद्र दोन्हींत सारखीच चांगली चालावी, हा आग्रह बोटीवर अन्याय आहे.'' तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ''आजीला आधी विचारा.'' विचारले. आई म्हणाली, ''जिच्यात पाय ठेवल्यावर ती हलत नाही, ती घ्या.''

त्यानंतरचे सोपस्कार शासकीय माणसाला रुचतील असेच होते. अंतर्देशीय जहाजांचा १९१७ चा कायदा जाऊन आता २०२१ चा कायदा आला आहे. यांत्रिक बोटीची तपासणी आणि नोंदणी त्याखाली होते. आमची शापोराही २०१६ च्या कायद्याने क्रमांक २५ चा राष्ट्रीय जलमार्ग ठरलेली आहे. कागदपत्रे पुरी केली. जितकी माणसे तितकी जाकिटे घेतली, मुलांची मुलांच्या मापाची. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची दोरी असते. तो पाण्यात पडला की इंजिन आपोआप बंद होते. ती बांधल्यावाचून इंजिन सुरू करायचे नाही, हा घरचा नियम केला. ऑगस्ट २०१९ मध्ये या नदीचे पाणी इब्रामपूर, साळ भागात घराघरांत शिरले होते, ते आम्ही विसरलेलो नाही. पावसाळ्यात बोट पडवीत, उंच ओंडक्यांवर पालथी.

नाताळच्या सुट्टीत, भरती धरून, आम्ही आईला घेऊन वर गेलो. ताऱ्यांना बरोबर घेतले होते. सुकाणूजवळ पुतण्या, पण वाट त्यांची. ओहोटीची वेळ जवळ येताच त्यांनी हात वर केला आणि आम्ही परत फिरलो. साळ बरेच दूर राहिले. आईने तक्रार केली नाही. काठावरची देवळे, घाट, माडांच्या रांगा ती नावानिशी ओळखत होती आणि नातवंडांना सांगत होती. रस्त्याने याच गावांतून आम्ही हजारदा गेलो असू. पण नदीकडून त्यांची तोंडे कशी दिसतात, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

आपल्या जुन्या घराण्यांची अनेक घरे अशी नदीकाठी आहेत. पूल झाले आणि घरांच्या मागच्या पायऱ्यांवर शेवाळ चढले. या पायऱ्या पुन्हा वापरात याव्यात असे ज्यांना वाटते, त्यांनी बोट अवश्य घ्यावी. मात्र बोटींचा तक्ता मांडण्यापूर्वी आपल्या पाण्याची माहिती ज्याला आहे, अशा माणसाच्या दारी एकदा जाऊन यावे. असे ताऱी आता थोडेच उरले आहेत.