सोवळ्यातली बॅटरी

आजी गेल्यावर आमच्या घरात सोवळं पाळणारं कोणी उरलं नव्हतं. मग इन्व्हर्टर आला. आजी निदान विहिरीचं पाणी चालवून घेत असे; याच्या बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरखेरीज काही चालत नाही. वडाळे, कृष्णाळे, देवाळे अशा तळ्यांचं हे आमचं पनवेल. पण उन्हाळ्यात देहरंग धरणाचा तळ दिसू लागला की आम्ही बादल्या मोजतो आणि बाईसाहेब विकतचं पाणी पितात.

मी कॉमर्सचा. द्रवांपैकी मला फक्त लिक्विड ॲसेट्स ठाऊक. बॅटरीवाल्याने समजावलं, "साहेब, चार्जिंगमध्ये पाण्याचा हायड्रोजन नि ऑक्सिजन होऊन उडून जातो. ॲसिड मागे राहतं, म्हणून भर नुसत्या पाण्याची. नळाचं घातलंत तर त्यातलं लोह, क्लोराइड आत साठतं आणि प्लेटा खातं." म्हणजे काढायची सोय नसलेली ठेव, आणि ती बँकच बुडवणार!

"अहो, मग घरीच वाफ धरली तर?" ही म्हणाली. मी हिशेब मांडला. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला जवळजवळ पाऊण युनिट वीज. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरसाठी वीज! बरं, विकतच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'डिमिनरलाइज्ड' लिहिलेलं. वाफ न करता, रेझिनमधून क्षार काढून घेतलेलं पाणी. बॅटरीला ते चालतं. नळ्यांत पुटं धरू नयेत म्हणून कारखान्यांतल्या मोठ्या बॉयलरांनाही तेच देतात, असं तळोज्याला नोकरी करणारा माझा मेहुणा सांगतो. (तो स्वतः घरात नळाचंच पितो.)

गेल्या वर्षी अण्णांना ऑक्सिजनचं मशीन लागलं. नाकात कोरडी हवा जाऊ नये म्हणून ती आधी पाण्याच्या छोट्या बाटलीतून बुडबुडत येते. डॉक्टरांनी बजावलं, "यात डिस्टिल्ड वॉटर औषधाच्या दुकानातलंच, आणि रोज ताजं. बॅटरीचं मुळीच नको. त्यातले क्षार काढलेले असतात, जंतूंची हमी कोणी देत नाही." तेव्हापासून फडताळात दोन बाटल्या. एकीवर 'अण्णा', दुसरीवर 'बॅटरी', दोन्ही अक्षरं माझी, लेजरवर काढतो तशी ठळक.

अण्णा लेबल वाचून म्हणाले, "मला वाटलं होतं, अखेरीला गंगेचं घालाल."

"त्याला अजून अवकाश आहे," ही म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

पावसात लाइट गेली की मी आधी टीव्ही आणि आमच्या खोलीतला पंखा बंद करतो. मशीनला साडेतीनशे वॉट लागतात आणि सगळा भार बॅटरीवर. अंधारात बुडबुड ऐकू येत असते.

"बॅटरीला पाणी घातलंस का रे?" अण्णा विचारतात. पूर्वी तुळशीबद्दल याच आवाजात विचारायचे.

"बघतो," म्हणून मी टॉर्च शोधतो. हायड्रोजनपाशी काडी ओढायची नसते, एवढं सायन्स आता मलाही येतं.