संध्याकाळचं काम

दारू सोडणं ही लोकांना एका दिवसाची गोष्ट वाटते. देवापुढे घेतलेली शपथ, आईच्या पायावर ठेवलेला हात, नाहीतर उपचार संपवून घरी परतल्याची तारीख. त्या दिवशी सगळे पाठ थोपटतात. दुसऱ्या दिवशी मात्र साडेसहा वाजतात. ऑफिसं सुटतात, कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी उजळते, कुठूनतरी तळलेल्या शेंगदाण्यांचा वास येतो. खरं काम तेव्हा सुरू होतं आणि ते करताना पाहायला कुणीच नसतं.

पिणाऱ्याचा अख्खा दिवस त्या वेळेकडे डोळे लावून असतो. दारू जाते तेव्हा बरंच काही सोबत नेते. रोजची बैठक जाते, बैठकीतले मित्र जातात आणि सुरुवातीला झोपही जाते. मागे उरतात ते संध्याकाळचे रिकामे तास. या तासांचं काय करायचं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी मेथी निवडायला बसलो, मुलीच्या वह्यांना कव्हरं घातली, पर्वतीच्या पायऱ्या चढलो. वाट बदलली, म्हणजे घरी यायचा रस्ताच बदलला. मेंदू जागा लक्षात ठेवतो, वेळ लक्षात ठेवतो, ग्लासात पडणाऱ्या बर्फाचा आवाजही लक्षात ठेवतो. त्याला ते विसरायला लावता येत नाही. नव्या सवयी शेजारी रुजवाव्या लागतात आणि त्या रुजायला वेळ घेतात.

तलफ येते तेव्हा ती कायमची आली आहे असंच वाटतं. ॲलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तिला लाटेसारखं पाहायला शिकवलं: ती चढते, माथ्यावर पोचते आणि आपण काहीच केलं नाही तरी ओसरते. बहुतेकदा अर्ध्या तासात. त्या अर्ध्या तासात मन फार गोड बोलतं. एवढे दिवस निभावलंस, आता तुला ताबा आलाय, एकाने काय होतंय? या बोलण्याला उत्तर देत बसलं की माणूस हरतो. उठून पाणी प्यावं, जेवून घ्यावं, कुणाला तरी फोन लावावा.

दुःखात माझा पाय घसरेल, ही घरच्यांची भीती. मला स्वतःला आनंदाची धास्ती जास्त. दुःखात चार माणसं आपल्याकडे लक्ष ठेवून असतात. भावाची हळद, बढती, गटारी, एकतीस डिसेंबर, अशा दिवशी तीच माणसं हात धरून आग्रह करतात. काहीही न पिता खूश व्हायला मला नव्याने शिकावं लागलं. पहिल्या हळदीत मी पाहुण्यासारखा अवघडून उभा होतो. पुढच्या एका हळदीत नाचलो. सकाळी उठल्यावर ते नाचणं मला सगळंच्या सगळं आठवत होतं.

१९३५च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा माणूस एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. त्याने काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेली होती आणि ज्या कामासाठी तो आला होता ते फिसकटलं होतं. लॉबीच्या एका बाजूला बार होता आणि दुसरीकडे टेलिफोन. त्याने फोन गाठला आणि आपल्यासारखाच एखादा दारुडा या शहरात भेटेल का, अशी चौकशी सुरू केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना उभी राहिली. विल्सनला त्या वेळी हवा होता तो उपदेश करणारा नव्हे. त्याला बोलायला सारख्याच दुखण्याचा माणूस हवा होता. समोरच्याला सावरताना तो स्वतः सावरला.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही बरे झालेले मित्र नव्याने आलेल्यांच्या शेजारी बसतात. आपल्या गावांनी हे आपल्या पद्धतीने कधीच ओळखलं होतं. माळ घातलेल्या माणसाला कुणी ग्लास पुढे करत नाही. त्याला एकादशी असते, भजनाची रात्र असते, वारीची दिंडी असते, म्हणजे रिकामी संध्याकाळ भरून काढणारी माणसं असतात. अंगात मुरलेली दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, म्हणून सोडायला डॉक्टर लागतात. सोडलेली ठेवायला सोबत लागते.

घरातला विश्वास सगळ्यात हळू परततो. मी कुलपात किल्ली कशी फिरवतो, यावरून बायको अनेक वर्षं माझी अवस्था ओळखायची. दारू सुटल्यावरही तिचे कान दाराकडेच होते. मला त्याचा राग यायचा. मग कळलं की सावरायचं काम तीही करते आहे आणि तिचा वेग मी ठरवायचा नाही. मी वेळेवर यायचं, सांगितलं तेच करायचं, एवढंच माझ्या हातात आहे. रोज.

दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये आम्हाला चार गोष्टींना जपायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. पैकी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या गोष्टीचं माणूस स्वतः बघू शकतो. तिसऱ्याला दुसरं माणूस लागतं. म्हणून एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत कुणी सोडली असेल, तर वर्ष पूर्ण झाल्यावर त्याला हार जरूर घाला. पण त्याआधी एखाद्या साध्या मंगळवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास, त्याला फोन करा. दारूचा विषय काढू नका. जेवलास का, एवढंच विचारा आणि तो बोलत राहिला तर ऐकत राहा.