भोर-वेल्ह्यातील दोन रात्री आणि एक जुना इन्व्हर्टर

कार्तिक संपत आला की भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांचे रूप पाहण्यासारखे असते. भात कापून झालेले असते, खाचरांतून उरलेल्या पेंढ्याचा वास येत असतो, आणि भाटघरचे पाणी काठोकाठ असते. पावसाळ्यात या भागात ज्येष्ठ माणसांना घेऊन येणे धाडसाचे. उन्हाळ्यात डोंगर करपलेले. मधले हे दीड-दोन महिने मात्र हवा कोरडी व सौम्य असते आणि रस्तेही बऱ्यापैकी सुके असतात.

माझ्या सासऱ्यांचे बालपण भोरचे. वय एक्याऐंशी. भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा ते लहान होते, आणि पंतसचिवांच्या राजवाड्यासमोरून शाळेत जाण्याच्या आठवणी ते अजून सांगतात. गेली चार वर्षे त्यांना झोपेत श्वास अडखळण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा त्रास आहे. रात्री नाकावर मास्क लावून सीपॅप यंत्राच्या हवेच्या दाबावर झोपावे लागते. त्यामुळे परगावी मुक्काम म्हटले की त्यांचा पहिला प्रश्न जागेविषयी नसतो, विजेविषयी असतो; आणि उत्तर समाधानकारक नसले की ते हळूच म्हणतात, "राहू दे, तुम्ही जाऊन या."

या वेळी त्यांना पाण्याच्या काठी झोपायचे होते. हॉटेलच्या खोलीत नव्हे, काठावर. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा गाड्यांचे नाव आपल्याकडे कानांवर पडू लागले आहे. आम्ही एक जुनी गाडी दोन रात्रींसाठी भाड्याने घेतली. ज्येष्ठांच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे कमोड दोन पावलांवर असतो, पलंग रोज तोच असतो आणि पथ्याचा स्वयंपाक आपल्या हातचा असतो. पायऱ्या तेवढ्या उंच होत्या. एक मजबूत लाकडी पाट सोबत घेतला आणि तो प्रश्न मिटला.

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघून चेलाडी फाट्यावर थोडे आत वळले की नसरापूरचे बनेश्वर. नानासाहेब पेशव्यांच्या काळातले हे देऊळ झाडीत आहे. चालणे बेताचे, सावली भरपूर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी याहून चांगला पहिला थांबा या रस्त्यावर मला माहीत नाही. पुढे कापूरहोळवरून भोरकडे वळल्यावर डाव्या-उजव्या डोंगरांमधून भाटघरचे धरण दिसू लागते. वेळवंडी नदीवरचे हे दगडी धरण १९२८ साली पूर्ण झाले. तेव्हाचे नाव लॉइड धरण. आज जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. वीज जिथे तयार होते तिथून काही किलोमीटरवर आम्हाला विजेनेच रात्रभर जागवले, हा योगायोग बाबांना फार आवडला. मला तितकासा नाही.

मुक्काम जलाशयाच्या वरच्या अंगाला, एका शेतकरी कुटुंबाच्या अंगणात होता. गाडीची तार त्यांच्या पडवीतल्या प्लगला जोडली. गाडीत एक जुना इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची एक उंच ट्यूब्युलर बॅटरी होती. हिशेब सोपा होता. सीपॅप यंत्र, त्यातला पाणी तापवणारा भाग बंद ठेवला तर, साधारण ३० ते ४० वॅट घेते. आठ तासांचे झाले सुमारे ३२० वॅट-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये हे धरले तरी या बॅटरीतून ९०० वॅट-तास मिळायला हवेत. इन्व्हर्टर स्वतः काही वीज खातो, ती वजा केली तरी दुप्पट शिल्लक. शिवाय बाहेरची वीज जोडलेलीच होती.

तरीही रात्री सव्वाच्या सुमारास इन्व्हर्टर पीं-पीं करू लागला आणि दीड वाजता यंत्र थांबले. पडवीतला दिवा मात्र चालू होता.

अशा वेळी आधी माणूस, मग यंत्र. मास्क काढला, बाबांना उठवून बसवले, पाणी दिले. मग उशा रचून डोक्याकडची बाजू उंच केली आणि त्यांना कुशीवर वळवले. उताणे झोपण्यापेक्षा कुशीवर श्वासमार्ग कमी मिटतो. एखादी रात्र यंत्राविना गेली तर बहुतेकांच्या बाबतीत तो जिवावरचा प्रसंग नसतो. सकाळी डोके जड होते, दिवसभर पेंग येते, रक्तदाब थोडा वर राहू शकतो. ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा वेगळा आजार आहे त्यांनी मात्र प्रवासापूर्वीच डॉक्टरांना याविषयी स्पष्ट विचारून घ्यावे. बाबा म्हणाले, "झोप गेली तर गेली, पाणी तरी बघतो," आणि खिडकीशी बसले.

आवाजाने घरमालक जागे झाले. त्यांना नवल वाटले नाही. "ताई, या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. सगळे पंप चालू झाले की दिवा पिवळाच पडतो." त्यांनी बॅटरी घेऊन मला विहिरीवरच्या पंपाच्या पेटीपाशी नेले. तिच्यावर व्होल्टमीटर असतो. तीन फेजांमध्ये ४१५ दाखवायला हवे तिथे काटा ३०० च्या आसपास होता. म्हणजे त्याच रोहित्रावरून घरात येणाऱ्या एका फेजला १७५ व्होल्टसुद्धा नव्हते.

कोडे इथे उलगडले. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती इन्व्हर्टरांच्या मागे किंवा बाजूला एक लहान बटण असते. एका बाजूला 'यूपीएस' लिहिलेले असते, दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'वाइड'. यूपीएस बाजूला असताना इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टांमधलीच वीज स्वीकारतो; संगणक बंद पडू नये म्हणून ती काटेकोरपणा. नॉर्मल बाजूला तो १०० ते २९० च्या आसपासपर्यंत चालवून घेतो. आमचे बटण यूपीएसवर होते. संध्याकाळी पंप सुरू होऊन दाब १८० च्या खाली गेला, त्या क्षणापासून इन्व्हर्टरच्या लेखी वीज गेलेली होती. गाडीतला छोटा फ्रीज, दोन दिवे, पंखा आणि बाबांचे यंत्र असे सगळे सात तास बॅटरीवर चालले होते. चार्जिंग शून्य. घरातला दिवा चालू असल्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

इन्व्हर्टर बंद करून बटण नॉर्मलवर सरकवले, पुन्हा चालू केला, आणि चार्जिंगचा दिवा लागला. कमी दाबाने यंत्र बिघडेल का, अशी भीती अनेकांना वाटते. सीपॅपच्या अडॅप्टरवरची चिठ्ठी वाचावी. तिच्यावर बहुधा १००–२४० व्होल्ट असे छापलेले असते. तसे असेल तर १७० व्होल्टांनी त्याचे काही बिघडत नाही. फ्रीजची गोष्ट निराळी. कमी दाबात त्याचा कॉम्प्रेसर तापतो, म्हणून तो रात्रभर बंद ठेवला.

सकाळी भोरला आलो. बाबांना १८६९ सालचा राजवाडा पाहायचा होता आणि मला बॅटरीचे मूळ दुखणे. कारण सात तासांतही भरलेली बॅटरी इतकी रिकामी व्हायला नको होती, हे मनातून जात नव्हते. बाबांना राजवाड्यापाशी ओळखीच्या कुटुंबात बसवून गाडी बाजारपेठेजवळच्या एका बॅटरीवाल्याकडे नेली. वय असेल साठीचे, बोलणे मोजके. इन्व्हर्टरवर 'बॅटरी फुल' असा हिरवा दिवा जळत होता. त्याने मल्टिमीटर टर्मिनलांना लावला : १३.७ व्होल्ट. मग बॅटरीच्या एका घराचे झाकण काढून हायड्रोमीटरने आम्ल ओढले. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२४ च्या आसपास असते. इथे काटा १.१९ वर तरंगत होता. "काकू, दिवा खोटं बोलतोय. ही बॅटरी रोज अर्धपोटी उठते," तो म्हणाला.

कारण दुसऱ्या बटणात होते. या इन्व्हर्टरवर बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय होती : ट्यूब्युलर, साधी म्हणजे फ्लॅट प्लेट, आणि सीलबंद म्हणजे एसएमएफ. गाडीत पूर्वी कधी सीलबंद बॅटरी असावी. ती बदलून ट्यूब्युलर बसवली गेली आणि बटण तसेच राहिले. सीलबंद बॅटरीतले पाणी पुन्हा भरता येत नाही, म्हणून तिच्यासाठीच्या निवडीत हा जुना चार्जर हात आखडता घेत होता आणि १३.७ लाच थांबत होता. ट्यूब्युलरला शेवटचा टप्पा सुमारे १४.४ व्होल्टांपर्यंत लागतो. तो मिळाला नाही की पट्ट्यांवर सल्फेटचा पांढरा थर साचत जातो आणि बॅटरीची साठवण महिन्यागणिक घटते. उलट चूक अधिक धोक्याची असते. सीलबंद बॅटरीला ट्यूब्युलरचा दाब दिला तर ती आतून सुकते, फुगते, वायू सोडते. लिथियम बॅटरी बसवली असेल तर जुन्या चार्जरवर भरवसा ठेवूच नये. तिला तिचाच चार्जर हवा.

त्याने बटण ट्यूब्युलरवर केले आणि चार्जिंगचा प्रवाह तपासला. बॅटरीच्या क्षमतेचा दहावा हिस्सा हा धंद्यातला ढोबळ नियम, म्हणजे १५० ला १५ अँपिअर. तो बरोबर होता. पट्ट्या आम्लात बुडालेल्या आहेत एवढे पाहून घेतले, पण डिस्टिल्ड वॉटर लगेच घातले नाही. चार्जिंगमध्ये पाणी वर चढते, आधी भरले तर आम्ल बाहेर सांडते. साडेचार तासांनी व्होल्टमीटर १४.४ वर पोहोचला, आम्ल १.२३ झाले, मग त्याने पाणी खुणेपर्यंत भरले. टर्मिनलांवरची हिरवट बुरशी गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावले. "पूर्ण बरी नाही व्हायची, पण दोन रात्री काढेल," असे सांगून त्याने जे पैसे घेतले ते ऐकून मला संकोच वाटला.

त्याच्या दुकानात बसून मी त्याला एक प्रश्न विचारला, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी ते यंत्र असते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यावर चालेल का? त्याने मान हलवली, आणि हिशेबही तेच सांगतो. पाच लिटरचे यंत्र ३०० ते ३५० वॅट घेते. अशा एका बॅटरीतून ते जेमतेम सव्वादोन ते अडीच तास चालेल. ज्यांचा श्वास या यंत्रावर आहे त्यांना घेऊन असा मुक्काम करू नये, आणि छोट्या प्रवासातही भरलेला सिलिंडर सोबत असावा. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे, १०८ ची रुग्णवाहिकाही आहे. परंतु डोंगरातल्या वाडीवरून तिथे पोहोचायला रात्री लागणारा वेळ धरूनच बेत आखावा.

दुपारी आंबवड्याच्या नागेश्वराचे दर्शन घेतले. तिथला संस्थानी काळातला झुलता पूल बाबांनी माझा हात न धरता ओलांडला. मग परत कापूरहोळ, चेलाडी, आणि पश्चिमेकडे विंझर, मार्गासनी करत वेल्हे. या तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण एसटीतल्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच. उजेड असेतो डावीकडे राजगड आणि समोर तोरणा दिसत राहतो. चौदाशे मीटरचा तोरणा आमच्यासारख्यांनी पायथ्यावरूनच पाहायचा, आणि संध्याकाळी तो पायथ्यावरूनच अधिक मोठा वाटतो.

त्या रात्री थंडी होती, म्हणून सगळ्या खिडक्या लावाव्यात असे बाबांचे म्हणणे. मी एक चार बोटे उघडी ठेवली. पाण्याची बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने पेट घेऊ शकतो. झोपण्याच्या जागेखालीच बॅटरी असेल तर हवा खेळती हवीच. चार्जिंग चालू असताना कुजक्या अंड्यासारखा वास आला किंवा बॅटरीला हात लावण्याइतपतही सोसवेना, तर चार्जिंग तत्काळ बंद करून माणसांना बाहेर काढावे. तार जोडण्यापूर्वी त्या घरच्या प्लगला अर्थिंग आहे का हेही टेस्ट लॅम्पने पाहिले होते. गाडीचे सारे अंग लोखंडी असते आणि पहाटे दवाने ओले होते.

वेल्ह्यातही रात्री दोनदा वीज गेली. इन्व्हर्टर दोन्ही वेळा मुकाट्याने बॅटरीवर गेला आणि परत आला. पहाटे साडेपाचला यंत्र बंद केले, चार्जिंगची तार काढून अर्धा तास थांबले आणि व्होल्ट पाहिले : १२.५. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. सीपॅपच्या पडद्यावर वापराचे तास नोंदले जातात. भाटघरच्या रात्री चार तास आणि काही मिनिटे, वेल्ह्याच्या रात्री सात तास दहा मिनिटे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी दोन्ही आकडे पाहिले आणि पहिल्या रात्रीचे कारण विचारले. बाबांनी त्यांना पंपाच्या पेटीवरच्या काट्यापासून सगळे सविस्तर सांगितले. मागे तीन रुग्ण थांबले होते.